कौसल्या शेंडे कुठं असतात?

आमच्या ओपीडीत एक ड्रॉवर होता, पेशंट विसरून गेलेल्या चष्म्यांचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, लांबचं लख्ख दिसायला लागलं, की म्हातारा माणूस जुना चष्मा टेबलावर ठेवतो आणि तसाच एसटी पकडतो. परत मागायला कोणी येत नाही आणि आपल्याला टाकवत नाहीत. किस्स्यांचं तसंच आहे राव! ते मुद्दाम कोणी साठवत नाही, आपोआप साठतात. साठवायचे असतात ते रिसर्च पेपर, आणि ते काही केल्या साठत नाहीत!

मी डॉक्टर तांबोळी. मूळचा इंदापूरचा. आडनाव तांबोळी असलं तरी वडिलांचं दुकान चपलांचं. बारामतीच्या बाहेर एका मेडिकल कॉलेजात, डोळ्यांच्या विभागात मी बरीच वर्षं होतो. सकाळी ऑपरेशनं करायची, दुपारी पोरांना शिकवायचं. आता एका लांबच्या, मोठ्या शहरात आहे. इथं सगळं आहे. मशिनं आहेत, एसी आहे, रिसर्चला अख्खा वेगळा मजला आहे. फक्त दुपारी तीन वाजता दारातून डोकं आत घालून "तांबोळी, चहा!" असं म्हणणारं कोणी नाही.

तसं म्हणणाऱ्या आमच्या बोराटे मॅडम. विभागप्रमुख, पण नुसत्या 'प्रभारी'. हुद्द्यानं असोसिएट प्रोफेसर. प्रोफेसरकी दोनदा हुकलेली आणि रिटायरमेंट दाराशी आलेली. निमगाव केतकीची पोरगी मेडिकल कॉलेजात प्रोफेसर झाली, हे एकदा दारावरच्या पाटीवर बघायचं, एवढी एकच हाव त्या बाईला होती. बाकी कशाचीच नाही. डबासुद्धा आम्हीच संपवायचो.

* * *

तर एके दिवशी आमच्या रिसर्च सेलचे ढोले सर मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "यापुढं प्रमोशन एच-इंडेक्सवर!"

हाडवाले, कातडीवाले, कान-नाक-घसावाले, आम्ही डोळेवाले, सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. ढोले सरांनी फळ्यावर समजावलं. तुमचे पाच पेपर असे असतील की त्या प्रत्येकाचा उल्लेख, म्हणजे सायटेशन, निदान पाच जणांनी आपापल्या पेपरात केलाय, तर तुमचा इंडेक्स पाच. दहा पेपर आणि प्रत्येकाला दहा जण असतील तर दहा. आणि हे आपण सांगायचं नाही. एक वेबसाइट आहे, तिच्यावर आपल्या नावाचं पान असतं, ती सांगणार.

हाडांचे सस्ते सर उठले. "म्हणजे गुडघे किती बदलले ते मोजायचं नाही. गुडघ्यावर किती लिहिलं ते मोजायचं."

"तेही नाही," ढोले सर म्हणाले. "लिहिलेलं किती जणांनी मानलं, ते मोजायचं."

बोराटे मॅडम मागच्या रांगेतून म्हणाल्या, "सर, माझा पेशंट पट्टी काढल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर मला वाचून दाखवतो. ते सायटेशनमध्ये धरता का?"

हॉल हसला. ढोले सरांनी गंभीरपणे वहीत बघितलं आणि म्हणाले, "तशी तरतूद नाही, मॅडम!"

* * *

इंडेक्सची हवा अशी पसरली की बास! पूर्वी जेवायच्या सुट्टीत ऊस, पाऊस आणि निवडणूक एवढेच विषय. आता बडीशेप चघळत लोक एकमेकांना विचारायचे, "तुझा किती झाला?" जणू काही वजन कमी करायला निघालेत.

पेपर लिहायचा म्हणजे नावं टाकायची. नाव टाकायला कोण नको म्हणतो? लोणी देवकरच्या एमआयडीसीतला एक कामगार आला, ग्राइंडिंग करताना लोखंडाचा कण थेट बुबुळाच्या आत गेलेला. मॅडमनी तो असा अलगद काढला की बघत राहावं. केस दुर्मिळ होती, लिहायचं ठरलं. मॅडमचं नाव, माझं नाव, आमच्याकडं शिकणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरचं नाव. मग भूलवाले म्हणाले, आम्ही नसतो तर पेशंट हलला असता. एक्स-रेवाले म्हणाले, कण दिसला कुणाला आधी? मायक्रोबायोलॉजीवाले म्हणाले, जंतू नाहीत हे आम्हीच सांगितलं! होता होता सात लेखक झाले. कण एक, लेखक सात!

मी संमतीपत्रावर सही घ्यायला गेलो. पेशंटनं एका डोळ्यानं सगळी नावं वाचली.

"कण कुणाच्या डोळ्यात गेल्ता?"

"तुमच्या."

"मग माजं नाव कुटं हाय?"

म्हटलं, "तुमचं नाव आम्ही गुप्त ठेवतो. तसा नियम आहे."

गडी ताडकन उठून बसला. "का? म्या काय चोरी केली का?"

* * *

माझं पान त्या वेबसाइटवर उघडलं तेव्हा मला घाम फुटला. माझा इंडेक्स ढोले सरांपेक्षा जास्त! खाली यादी बघितली तर मोतीबिंदूचे दोन पेपर, काचबिंदूचा एक आणि पुढं डाळिंब, डाळिंब, डाळिंब. कुठल्यातरी कृषी विद्यापीठात माझ्याच आद्याक्षराचे कुणी तांबोळी होते. त्यांनी डाळिंबाच्या तेल्या रोगावर आयुष्य घातलेलं. मशिननं आम्हा दोघांचं एकच पान करून टाकलं.

मी कळवलं, हे माझं नाही. महिनाभर उत्तर नाही. तेवढ्यात इंदापुरात बातमी फुटली, चपलावाल्यांचा पोरगा डाळिंबाचा शास्त्रज्ञ झाला! डाळिंब म्हणजे आमच्याकडं काय चीज आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी माझे निमगावचे मामू ओपीडीच्या रांगेत. हातात पिशवी.

"मामू, डोळ्याला काय झालं?"

"डोळ्याला काय न्हाय रं. डाळिंबाला झालंय." त्यांनी पिशवीतनं एक फळ काढलं, काळे डाग पडलेलं. "तू म्हनं ह्याच्यावर लई लिवलंयस. आन् मामूला सांगितलं न्हाईस व्हय?"

मी समजावतोय, मामूंना पटत नाहीये, रांग खोळंबलीय. बोराटे मॅडम शांतपणे आल्या. डाळिंब घेतलं. हनुवटी टेकवून डोळा तपासायचं आमचं मशीन असतं ना, स्लिट लॅम्प, त्याच्या हनुवटीच्या जागी ते ठेवलं. लाइट फिरवून दोन्ही बाजूंनी नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तेल्याच हाय, मामू. आमच्याकडं उशिरा आलात. कृषी केंद्राला रेफर करते."

मामू समाधानानं गेले. आजही घरी विषय निघाला की मामू म्हणतात, "तांबोळ्याला काय येत न्हाय, पर त्येची मॅडम हुशार हाय."

* * *

माझ्या पानावर दोन माणसं एकत्र झाली होती. मॅडमच्या बाबतीत उलटं झालेलं. एका माणसाची दोन पानं!

मॅडमचं माहेरचं नाव कौसल्या शेंडे. एमएस करताना आणि नंतरच्या पहिल्या नोकरीत, ऊसतोडीच्या हंगामात, या बाई वालचंदनगरच्या बाजूला फडाफडांतून हिंडायच्या. उसाचं पातं डोळ्याला लागतं, बारीक चीर पडते, कोणी लक्ष देत नाही आणि मग त्यात बुरशी वाढून डोळा जातो. त्यावर त्यांनी एकामागून एक पेपर लिहिले. आज जगात जिथं कुठं ऊस पिकतो आणि डोळ्याचा डॉक्टर आहे, तिथं तो डॉक्टर 'शेंडे' यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढं जात नाही.

मग लग्न झालं. नाव बदललं. नुसतं आडनाव नाही, सगळंच. नोकरी, मेडिकल कौन्सिल, बँक, सगळीकडं मीनाक्षी बोराटे. मग मुलं, सासूबाईंचं आजारपण, बदल्या. पेपर झाले, पण थोडे. त्यामुळे वेबसाइटच्या लेखी कौसल्या शेंडे ही बडी असामी, आणि मीनाक्षी बोराटे बेताचीच. दोन्ही पानं एक झाली असती तर इंडेक्स सहज पुरत होता. एकट्या मीनाक्षीचा पुरत नव्हता, आणि प्रमोशन मीनाक्षीचं होतं.

बोराटे साहेब पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेले, मोठा दिलदार माणूस. दिवाळीला दरवर्षी विभागात फराळ घेऊन यायचे. आम्ही त्यांना धरलं. "साहेब, नाव का बदललंत हो?"

"आता म्या काय मुद्दाम केलं का? रीतच हाय ती. ताटात तांदूळ पसरत्यात, नवऱ्यानं अंगठीनं त्येच्यावर नाव लिवायचं. आमची आत्या म्हणली, कौसल्या लई जुनं वाटतंय. म्या म्हणलं, पोरगी डोळ्याची डॉक्टर, मीनाक्षी लिवू. शोभंल!" साहेबांनी चकलीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसले. "मला काय म्हाईत इंडेक्स म्हणून काय असतंय! न्हाय तर तांदूळ तसंच ठेवलं असतं की!"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "तांदळावरचं नाव दुसऱ्या दिवशी भातात गेलं. पेपरावरचं नाही गेलं."

साहेबांनी ती चकली खाल्ली नाही. डब्यात परत ठेवली.

* * *

आमच्याकडं दर आठवड्याला जर्नल क्लब असायचा. एका रेसिडेंटनं कुणाचातरी पेपर मांडायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. नवीन आलेली प्राजक्ता नावाची पोरगी, धीट, बोलायला फटाकडी. तिनं निवडला नेमका 'शेंडे'! तिला काहीच माहीत नव्हतं, पेपरवर नुसतं आद्याक्षर आणि आडनाव. मी सांगायला उठणार, तोच मॅडमनी टेबलाखालून माझ्या बुटावर पाय ठेवला.

प्राजक्ता सुटली. "शेंडे सरांचं निरीक्षण चांगलं आहे. पण शेंडे सरांनी फॉलोअपकडं फार दुर्लक्ष केलंय. निम्मे पेशंट परत तपासलेच नाहीत. हा निष्काळजीपणा आहे!"

मॅडम गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "खरंय. सरांची चूकच आहे."

मग म्हणाल्या, "पण प्राजक्ता, पेशंट ऊसतोडीचा. आज ह्या फडावर, आठ दिवसांनी टोळी कुठल्या फडावर, हे मुकादमालाच माहीत. सर त्यांच्या मागं सायकलवर जायचे. बैलगाड्या गाठायचे. सापडले तेवढे तपासायचे. एक पोरगी होती, डावा डोळा. ती काही परत सापडली नाही. सरांना अजून वाटतं, ती कुठंतरी असेल."

प्राजक्तानं विचारलं, "मॅडम, तुम्ही शेंडे सरांना ओळखता?"

"ओळखायचे," मॅडम म्हणाल्या.

नंतर प्राजक्ताला मी खरं सांगितलं तेव्हा ती जी रडायला लागली, ती थांबेना. मॅडमनी तिला भेळ खाऊ घातली आणि बजावलं, "फॉलोअपचा मुद्दा बरोबरच होता. तो सोडू नको."

* * *

याच्यापेक्षा वरताण सांगतो. मॅडमनी त्याच विषयावर नवा पेपर लिहिला, मीनाक्षी बोराटे या नावानं, मी दुसरा लेखक. एका परदेशी जर्नलला पाठवला. जर्नल काय करतं, तुमचा पेपर दोन-तीन अनोळखी तज्ज्ञांना वाचायला देतं. तज्ज्ञाचा शेरा आला. मी मोठ्यानं वाचला, कारण मला एकट्याला तो सहन होईना.

'लेखिकेला शेंडे यांचं मूळ काम नीट समजलेलं दिसत नाही. त्यांनी ते पुन्हा वाचावं!'

मॅडम इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "वाचायला पाहिजे एकदा. काय लिहायची बाई!"

* * *

ढोले सर मनानं चांगला माणूस. त्यांनीच दोन्ही पानं जोडण्यासाठी वेबसाइटला अर्ज केला. लग्नाचा दाखला, नावबदलाचं सरकारी राजपत्र जोडलं. उत्तर आलं, मशिननंच दिलेलं. 'आमच्या तपासणीनुसार या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत.'

ढोले सर संतापले. मॅडम म्हणाल्या, "अहो चिडताय कशाला? बरोबर आहे त्याचं."

तेव्हा आम्हाला तो विनोद वाटला होता.

मग निमगाव केतकीला आमचं नेत्रतपासणी शिबिर झालं, मॅडमच्याच जुन्या शाळेत. बाजारचा दिवस होता, ही गर्दी! आम्हाला वाटलं, माहेरचं गाव, मॅडमना हाकांवर हाका येतील. पण आई-वडील जाऊन वर्षं लोटलेली, भाऊ पुण्याला. बायका यायच्या, पाया पडायला वाकायच्या आणि म्हणायच्या, "बोराटे मॅडम, माजं आधी बघा की." कुणी फार तर, "तुमी शेंड्यांच्या न्हवं का?" एवढंच.

चहाच्या वेळी मॅडमनी मला कोपऱ्यातला वर्ग दाखवला. "हितं हजेरी घ्यायचे. 'कौसल्या' म्हटलं की मी हजर म्हणायची. तांबोळी, खरं सांगू? प्रोफेसर तर व्हायचंच आहे. पण त्याच्याआधी वाटतं, कुणीतरी मागनं 'कौसे' म्हणावं. आणि मी वळून बघावं. आता तसं म्हणणारं माणूसच उरलं नाही बघा."

मी बिस्किट पुढं केलं.

दुपारी मॅडम पेशंट तपासत होत्या, पाठ दाराकडं. दारात आमच्या सिस्टर नंबर पुकारत होत्या. त्यांनी केसपेपर बघितला आणि खणखणीत आवाजात हाक मारली, "कौसल्या! अगं कौसल्या, कुठंयस?"

"ओ!" म्हणून मॅडम उभ्याच राहिल्या! हातातला टॉर्च तसाच चालू.

बाकावरून एक आजी काठी टेकत पुढं येत होती. नाव कौसल्या, आडनाव दुसरंच काहीतरी. सगळे खदाखदा हसले. मॅडमही हसल्या. त्यांनी आजीला हाताला धरून आणलं, तपासलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मॅडम म्हणाल्या, "ह्यांचं ऑपरेशन मीच करणार." आणि रांग सोडून त्या आजीशी किती वेळ बोलत बसल्या. दर वाक्यात "कौसल्याबाई, कौसल्याबाई" करत.

* * *

प्रोफेसरकीचा इंटरव्ह्यू लागला. ही तिसरी आणि शेवटची खेप. ढोले सर आत कमिटीत होते, त्यामुळे तिथं घडलं ते त्यांच्याच तोंडचं.

बाहेरून आलेले एक्सपर्ट म्हणजे डोळ्यांतलं मोठं नाव, केस पिकलेले. त्यांनी मॅडमची फाइल चाळली. "बोराटे मॅडम, काम चांगलं आहे, पण इंडेक्स कमी पडतो." मग फाइल बाजूला ठेवली. "एक विचारू? तुमच्याच भागात पूर्वी कौसल्या शेंडे म्हणून एक होत्या. उसाच्या जखमांवर काम केलेल्या. त्यांच्या पेपरवर आमच्या पिढ्या शिकल्या. मी त्यांना किती कॉन्फरन्समध्ये शोधलं! कुठं असतात आता?"

ढोले सर म्हणतात, मॅडमच्या ओठावर शब्द आलेला मी बघितला. पण त्या बोलल्या वेगळंच.

"बऱ्याच वर्षांत माझी पण भेट नाही, सर."

ढोले सरांना राहवेना. ते ओरडलेच, "सर, ह्याच! ह्याच त्या!"

एक्सपर्ट खुर्चीतनं उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि मॅडमपुढं हात जोडून उभे राहिले. पण नियम तो नियम. शेवटी कमिटीनं तोडगा काढला. दोन्ही पानं एक करून आणा, जागा तुमचीच. अट एवढीच, की पानावरचं नाव सर्व्हिस रेकॉर्डप्रमाणं हवं.

या खेपेला वेबसाइटवरून कुणा खऱ्या माणसानं उत्तर दिलं. पानं जोडू, पण वर एकच नाव राहील. शोधणाऱ्याला तेवढंच सापडेल. कुठलं ठेवायचं ते आपण कळवावं.

आम्ही तर पेढ्यांची ऑर्डर दिली. विचार करण्यासारखं त्यात होतंच काय? पाटीवाल्याला माप पण देऊन आलो. डॉ. मीनाक्षी बोराटे, प्रोफेसर व विभागप्रमुख. मॅडम मापाचा कागद बघून म्हणाल्या, "अक्षर जरा मोठं चाललं असतं." आम्ही म्हटलं, करू मोठं!

त्याच आठवड्यात मला इकडची ऑर्डर आली आणि मी बारामती सोडली. निघताना मॅडमनी मला चष्म्यांच्या ड्रॉवरची किल्ली दाखवली. "ही कुणाकडं देऊ आता?" म्हणाल्या. मी हसलो.

* * *

परवाची गोष्ट. इथल्या चकाचक रिसर्चच्या मजल्यावर माझ्या एका रेसिडेंटनं लॅपटॉप पुढं केला. "सर, या लेखिकेबरोबर तुमचा पेपर आहे? तुम्ही ओळखता यांना?"

मी बघितलं. उसाच्या जखमांचे ते सगळे जुने पेपर. त्याच्याखाली लोणी देवकरच्या लोखंडाचा कण, सात लेखकांसकट. त्याच्याखाली आमचा तो पेपर, 'शेंडे नीट समजलेलं नाही' म्हणून शेरा आलेला. सगळं एका पानावर. इंडेक्स ढोले सरांच्या वर, माझ्या डाळिंबांच्याही वर.

आणि पानाच्या माथ्यावर एकच नाव. कौसल्या शेंडे.

मी ढोले सरांना फोन लावला. ते म्हणाले, "हो, झालं असं. फाइल परत आली, नावात तफावत म्हणून. मी हाता-पाया पडलो हो तांबोळी, म्हटलं एवढं एक मीनाक्षी टाका. ऐकलं नाही. या महिन्याअखेर रिटायर होतायत, असोसिएट म्हणूनच." मग म्हणाले, "पाटी तयार होऊन पडलीय माझ्याकडं. काय करू तिचं?"

घड्याळात तीन वाजत आले होते. मी मॅडमचा मोबाइल लावला. उचलला बोराटे साहेबांनी.

"तांबोळी! अवो, हायसा कुटं तुमी? लई दिवसांनी आठवण झाली."

म्हटलं, "साहेब, मॅडम आहेत का? घरी कशा काय आज?"

"हाय की. रजा उरलीया तेवढी संपवत्या. थांबा हां, देतो."

फोन कानापासून लांब गेल्याचं कळलं. कपबशीचा आवाज आला. कुणीतरी दार ढकललं. आणि मग साहेबांनी घरात हाक मारली, जरा अडखळत, सवय नसलेल्या माणसानं मारावी तशी.

"कौसल्या! अगं कौसल्या, फोन हाय तुजा!"

लांबून, अगदी आतल्या खोलीतून आवाज आला, "ओ! आले, आले!"